डिस्टिलर आठ महिने वापरला, त्यातलं निम्मं डोकं थंड पाण्याच्या लाइनने खाल्लं

गुलाबपाणी आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर काढायला घरी एक छोटा डिस्टिलर आहे, १० लिटरचं भांडं, २ किलोवॅटचा हीटर, स्टीलचा जॅकेटवाला कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणारी नळी आणि तिच्याभोवती थंड पाणी फिरवायचं कवच (जॅकेट). भांडं मस्त, हीटर मस्त, वेल्डिंगही चांगलं. पण कंडेन्सरला पाणी कसं जोडायचं याबद्दल सोबतच्या कागदावर एक ओळ होती फक्त.

पहिल्या दिवशी मी वरच्या तोटीतून पाणी आत सोडलं आणि खालून बाहेर, म्हटलं पाणी वरून खालीच जाणार ना. बाटलीत पडणारं पाणी हाताला चटका देत होतं आणि थोडी वाफ तशीच निसटत होती. असं जोडलं की जॅकेट नीट भरतच नाही, पाणी एका बाजूने ओघळून जातं. खालून आत, वरून बाहेर केलं आणि विषय संपला.

मग नळ. मी तो पूर्ण सोडून ठेवायचो आणि सगळं पाणी मोरीत. एक दिवस बसून हिशोब केला, १ किलो वाफेचं पाणी होताना साधारण २२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, २ किलोवॅटवर तासाला ३ लिटरच्या आसपास निघतं, आणि बाहेर जाणारं पाणी २५ अंशांनी तापू दिलं तर मिनिटाला १.१५ लिटर बास होतं. म्हणजे बारीक धार. आता येणाऱ्या बाजूला छोटा व्हॉल्व्ह आहे. आधी तो परतीच्या बाजूला लावला होता, बंद करायला गेलो तर जॅकेटमध्ये प्रेशर येऊन पाइप फटकन निघाला आणि मी ओला. येणाऱ्या बाजूलाच लावा, आणि दोन्ही टोकांना स्टीलचे क्लॅम्प, नुसता खोचलेला पाइप गरम झाला की सैल पडतो. परतीला सिलिकॉनचाच घ्या.

सध्या १०० लिटरचं पिंप आणि त्यात छोटा पंप, पाणी फिरत राहतं. पण २ तासांत पिंप हिशोबाने ३४ अंशांनी तापतं, त्यामुळे लागोपाठ दुसरा घाणा लावता येत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकून पाहिल्या, २ लिटरचा बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी हा हीटर साडेपाच मिनिटांत देतो, म्हणजे फ्रीजर अडवून ठेवायचा तो कशासाठी! दुसरं पिंप घेतलं.

चौथ्या महिन्यात मात्र घाबरलो. पारदर्शक पाइपात आणि पिंपात शेवाळ झालं होतं, ते पंपाच्या जाळीत अडकून पाणी थांबलं, आणि परतीच्या पाइपाचं टोक पिंपातल्या पाण्यात बुडवलेलं असल्यामुळे मला पत्ताच नाही. बाजूच्या खोलीत होतो, गुलाबाचा वास एकदम जास्त यायला लागला म्हणून आत आलो तर कंडेन्सरच्या तोंडातून सरळ वाफ. आधी हीटर बंद केला, मग जाळी धुतली.

त्यानंतर पिंपावर झाकण, पाइप काळा, आणि परतीचं टोक पाण्याच्या वर वीतभर टांगलेलं. धार पडत असते तोवर आवाज येतो. तो थांबला की मी हातातलं टाकून पळतो.