झाडांमधली उपनगरी वसाहत: राहणाऱ्याच्या नजरेतून परीक्षण

शहराच्या काठावरची, दुतर्फा मोठी झाडे असलेल्या रस्त्यांची आणि अंतर राखून बांधलेल्या घरांची वसाहत घर शोधणाऱ्या कुणालाही पाहताक्षणी आवडते. तिच्या माहितीपत्रकात तरणतलाव, क्लबहाउस, व्यायामशाळा, टेनिस कोर्ट अशी लांबलचक यादी असते. झाडे मात्र चित्रांच्या पार्श्वभूमीपुरती येतात. हा क्रम मला मुळातच उलटा वाटतो. अशा वसाहतींत राहून आणि हिंडून माझे मत असे झाले आहे की तिथली पहिली सुविधा म्हणजे सावली, आणि बाकीच्या सुविधांचे मोल त्या सावलीतून पायी तिथवर पोहोचता येते की नाही यावर ठरते.

झाड मुळांवाटे घेतलेले पाणी पानांतून वाफेच्या रूपाने सोडते आणि त्यात भोवतालची उष्णता खर्ची पडते. शिवाय झाडाखालचा डांबरी रस्ता उन्हात फारसा तापत नाही, त्यामुळे संध्याकाळनंतर तो साठवलेली धगही फारशी परत फेकत नाही. हा फरक वसाहतीच्या फाटकातून आत शिरताच अंगाला जाणवतो. तो विकत घेऊन लगेच बसवता येत नाही, हे मात्र घर घेणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावे. क्लबहाउस एका वर्षात उभे राहते आणि त्यानंतर जुने होत जाते. झाडाला डेरेदार व्हायला काही दशके लागतात आणि दर वर्षी ते अधिक देत जाते. म्हणून नव्या वसाहतीत काठ्यांना बांधलेली रोपे दाखवून कुणी हिरवाईचे आश्वासन देत असेल, तर ते पुढच्या पिढीसाठीचे आश्वासन समजावे.

हिरवाई मोजण्याचे एक सोपे माप वृक्षतज्ज्ञ सेसिल कोनेनडाइक यांनी 2021 मध्ये सुचवले. प्रत्येक घरातून किमान 3 मोठी झाडे दिसावीत, परिसराचा 30 टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि जवळची बाग 300 मीटरच्या आत असावी. यातला पहिला आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बागेत रोज जाणे होत नाही, खिडकीपाशी मात्र रोज बसणे होते. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिक यांचा 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास याच खिडकीचा होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण घर पाहायला गेल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी आणि पलंगाच्या उशाशी उभे राहून बाहेर काय दिसते ते जरूर पाहावे.

झाडे एकाच जातीची तर नाहीत ना, हेही पाहावे. एकाच झाडाच्या रांगा दिसायला देखण्या असतात. परंतु विसाव्या शतकात युरोप आणि उत्तर अमेरिकेतील एल्म नावाच्या वृक्षांवर बुरशीचा रोग पडला, तेव्हा अशा रांगाच्या रांगा वठून गेल्या. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी 1990 मध्ये मांडलेला नियम त्यासाठीच आहे: एका जातीची झाडे 10 टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाची) 20 टक्क्यांहून आणि एका कुळातली 30 टक्क्यांहून अधिक नसावीत.

आता चालण्याविषयी, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे. या वसाहतींच्या मूळ कल्पनेत चालणे होते. इंग्रज नगररचना-विचारक एबेनेझर हॉवर्ड यांनी 1898 मध्ये मांडलेले उद्याननगर सुमारे 32,000 माणसांचे होते आणि त्यात घरांइतकेच काम, बाजार आणि शेती यांना स्थान होते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न येथे 1929 मध्ये क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नगररचनाकारांनी मोटारींसाठी टोकाला बंद होणाऱ्या गल्ल्या ठेवल्या. पण त्याबरोबर घरांमागून सामाईक हिरवळीतून जाणाऱ्या पायवाटा दिल्या आणि वाहता रस्ता पायी ओलांडावा लागू नये म्हणून त्याखालून भुयारी वाटही काढली. पुढच्या असंख्य वसाहतींनी यातल्या बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि पायवाटा गाळल्या. परिणामी कुंपणापलीकडे हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राकडे जायला मुलाला मोठा वळसा घालावा लागतो आणि शेवटी आईवडील त्याला मोटारीने सोडतात. भोवती इतकी सुंदर सावली असताना ती काचेआडून पाहावी लागणे मला मनापासून खटकते. अमेरिकी नगररचना-विचारक क्लॅरन्स पेरी यांनी, तेही 1929 मध्येच, शाळा वस्तीच्या मधोमध आणि घरांपासून सुमारे पाव मैलाच्या, म्हणजे 400 मीटरच्या, आत असावी असे म्हटले होते. घर घेण्यापूर्वी ते अंतर स्वतः चालून पाहावे, आणि शक्यतो भर दुपारी.

तरणतलाव आणि व्यायामशाळा यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वापरणारे मोजके असतात आणि खर्च सर्वांत वाटला जातो. त्यांपेक्षा वाचनालय, घरांतून नजर पोहोचेल असे खेळाचे मैदान आणि वाटेवर ठरावीक अंतराने ठेवलेली पाठ टेकायची बाके अधिक माणसांच्या उपयोगी पडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

देखभालीच्या हिशेबात झाडांसाठी वेगळी तरतूद आहे का, हे समितीला विचारावे. ती नसली की छाटणी मिळेल त्याच्या हाती जाते, झाडाचे शेंडे सरसकट उडवले जातात आणि त्या जागी फुटणाऱ्या कमकुवत फांद्या पुढे वादळात मोडून पडतात. मुळे सांडपाण्याच्या नळ्या फोडतात म्हणून झाड तोडण्याचा आग्रहही मधूनमधून होतो. प्रत्यक्षात मुळे बहुधा आधीच गळणाऱ्या सांध्यांतून आत शिरतात, तेव्हा आधी नळी दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरते.

लहान मुलांच्या कुटुंबाला, घरून काम करणाऱ्याला आणि शांततेची खरी गरज असणाऱ्याला मी अशी वसाहत आनंदाने सुचवीन. वृद्धांसाठी सुचवताना मात्र एक अट घालीन. घरे विरळ असल्याने बसला प्रवासी कमी मिळतात, त्यामुळे फेऱ्याही थोड्या असतात. आणि ज्या दिवशी माणूस मोटार चालवणे सोडतो, त्या दिवसापासून दवाखाना, औषधांचे दुकान आणि मित्रमंडळी त्याला एकाच वेळी दूर होतात. यांपैकी निदान औषधांचे दुकान आणि बसथांबा काठी टेकत जाता येईल अशा अंतरावर नसेल, तर झाडे कितीही देखणी असली तरी त्या वयात तिथे घर घेऊ नये.