बेळगावच्या टिळकवाडीत घर घ्यायचं म्हणताय?

बेळगावातल्याच शहापूर भागातला वाडा वाटण्या होऊन विकला गेला आणि आम्ही टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या आतल्या बाजूला जुन्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न एकच, "टिळकवाडीत? मग लई पैसे गेले असतील की!" गेले. पण कशाला गेले ते सांगते.

इथं तुम्ही घराला कमी आणि चालण्याला जास्त पैसे मोजता. आरपीडी, जीएसएस, गोगटे कॉलेज सगळं पायी. सासूबाई सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फेरी मारून येतात, आणि तेवढ्यासाठी कुणाला गाडी काढावी लागत नाही. १९२४ साली गांधीजी अध्यक्ष होते ते काँग्रेस अधिवेशन इथंच भरलं होतं. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर बघायला पाहुण्यांना नेतो, तेही चालतच.

आता गेट. सकाळी मुलांची शाळा आणि माणसांचं ऑफिस एकाच वेळी, आणि नेमकी तेव्हाच मालगाडी. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला, म्हणून उद्यमबागच्या कारखान्यांकडे जाणारे सुटले. पहिल्या-दुसऱ्या गेटवाल्यांनी मात्र घरातून दहा मिनिटं आधी निघायची सवय लावून घ्यावी. रुळाला लागून घर असेल तर रात्री एकदा तिथं थांबून बघा. आमच्याकडे आवाज येतो, पण झोप मोडत नाही.

पाण्याचं नीट विचारा. राकसकोप नि हिडकल धरणांचं पाणी असलं तरी बेळगावात काही वॉर्डांत नळ चोवीस तास आणि काहींत दिवस मोजत बसायचं. एजंट "पाण्याचा त्रास नाही" म्हणतो. त्याचं ऐकून घ्या आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. आमच्या इमारतीला स्वतःची विहीर आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

कागदपत्रांना सगळ्यात जास्त वेळ द्या. खरेदीपत्र, ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार नि कर्जाचा बोजा दाखवणारा दाखला), ई-खाता (पालिकेतल्या मालमत्ता नोंदीचा ऑनलाइन उतारा) सगळं कन्नडात. यजमानांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. लेकीला शाळेत कन्नड होतं, तिनं ओळ न् ओळ वाचून दाखवली, तेव्हा आधीच्या मालकाचं बँकेचं कर्ज ईसीत तसंच दिसत होतं. फेडल्याची नोंद झाल्यावरच आम्ही पुढं सरकलो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी १ टक्क्याची २ टक्के झालीय, तेही हिशेबात धरा. शहराबाहेर नुसत्या बाँडपेपरवर लिहून गुंठा-गुंठा प्लॉट स्वस्त मिळतात, आमच्या भावकीतल्यांनी घेतलेत, पण त्यांना ना 'बुडा'ची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी, ना बँक कर्ज देते. स्वस्ताईचं कारण तिथंच आहे.

घर बघायला जुलैत जा. आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात बघितलं असतं तर कळलंच नसतं. ती ओल आणि लिफ्ट नसणं, दोन्ही दाखवून भाव पाडून घेतला. सासूबाईंना जिने झेपतात, तोवर ठीक. गुडघे दुखणारे असाल तर तळमजलाच बघा, तोही नाल्यापासून लांबचा.