सहकारी संस्था नोंदणी करून देणारं सल्ला केंद्र: काम पक्कं, पण कागद वाचून सही करा

आम्ही अकरा जण दालमिलवर रोजीनं होतो, मालकानं मिल विकायला काढली तं म्हटलं सहकारी संस्था काढून आपणच घेऊ ना, सगळेच मालक अन् सगळेच मजूर. कागदाचं कोणालेच कळे ना म्हणून बसस्टँडजवळच्या या केंद्रात गेलो. मॅडमनं चहा पाजून नीट समजावलं, महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा हाय, निदान १० जण पायजे अन् तेही वेगवेगळ्या कुटुंबातले. इथंच गोची झाली बावा! आमच्यात एक नवरा-बायको अन् एक बाप-लेक, म्हणजे मोजून नऊच, मग हमालीवाल्या काकाले मनवता मनवता आठवडा गेला. शेअर कितीही घेतले तरी मत एकच, हे ऐकूनच ते तयार झाले.

पण उपविधीचा, म्हणजे संस्थेच्या नियमांचा, मसुदा दिला तो कोण्या फ्लॅटवाल्या सोसायटीचा कॉपी-पेस्ट, त्यात पार्किंगचा नियम! आमच्याकडं सायकली हायेत भाऊ. दोनदा दुरुस्त करून घेतला, त्याचे पैसे मात्र मागितले नाही. नावाची मंजुरी, बँकेचं खातं सगळं त्यांनीच करून दिलं, पावतीही देतात. फोन दुपारी उचलत नाही, सकाळीच जा. पाचपैकी साडेतीन.