संसद डिजिटल लायब्ररी: मंत्र्यांचे राजीनामे मुळातून वाचायचे असतील तर

रेल्वे अपघाताची जबाबदारी घेऊन रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी दिलेल्या राजीनाम्याचा दाखला सगळेच देतात. त्या वेळी लोकसभेत कोण काय बोललं, हे वाचलेले थोडेच. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत 1952पासूनच्या लोकसभेतल्या चर्चा स्कॅन करून ठेवल्या आहेत आणि त्या फुकट वाचता येतात. राजकारणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही लायब्ररी वापरायलाच हवी.

फक्त शोधचौकटीत नुसतं नाव टाकून भागत नाही. जुन्या छपाईतली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, आणि हिंदी भाषणं देवनागरीत छापलेली असल्याने इंग्रजी शब्दाने सापडत नाहीत. म्हणून आधी तारीख पक्की करा, मग लोकसभा, मग अधिवेशन. शास्त्रींनी ज्यामुळे राजीनामा दिला तो अरियालूरचा रेल्वे अपघात 23 नोव्हेंबर 1956चा, म्हणजे पहिली लोकसभा. तेव्हा कामकाज दोन भागांत छापलं जाई: पहिल्यात प्रश्नोत्तरं, दुसऱ्यात बाकी सगळं. तुम्हाला हवा दुसरा भाग, 26 नोव्हेंबरचा. त्याआधीच्या महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रींनी देऊ केलेला राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नव्हता, हे लक्षात ठेवून वाचा. संदर्भ देताना छापील पानावरच्या रकान्याचा (कॉलमचा) क्रमांक द्या. फाइलमधला पानाचा आकडा त्याच्याशी जुळत नाही.

या संग्रहातलं सर्वांत मोलाचं वाचन मात्र मुंदडा प्रकरणाचं. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. 16 डिसेंबर 1957ला काँग्रेसचे खासदार फिरोज गांधींनी सत्ताधारी बाकांवरूनच त्याची चिरफाड केली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी या प्रकरणाची मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निष्कर्ष काढला. फेब्रुवारी 1958मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. आधी डिसेंबरची चर्चा वाचा, मगच फेब्रुवारीची. मंत्र्याची आधीची बाजू कुठे टिकली आणि कुठे ढासळली, हे त्याच क्रमाने कळतं.

सोबत लोकसभेचा नियम 199 वाचून ठेवा. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने निवेदन करता येतं; त्याची प्रत एक दिवस आधी द्यावी लागते आणि त्यावर चर्चा होत नाही. निवेदनानंतर लगेच दुसरा विषय सुरू झालेला दिसला, तर पानं गहाळ झाली असं समजू नका.

तारखांचा आणखी एक घोळ होतो. कृष्ण मेनन यांच्याकडचं संरक्षण खातं 31 ऑक्टोबर 1962ला गेलं, ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले 7 नोव्हेंबरला, आणि अधिवेशन सुरू झालं 8 तारखेला. त्यामुळे 7 नोव्हेंबरचं कामकाज शोधण्यात अर्थ नाही. 8पासून पुढे वाचत जा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते त्याच महिन्यात.

मुंबईवरच्या 2008च्या हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील तिघेही पायउतार झाले. यातले शेवटचे दोघे राज्यातले, त्यामुळे त्यांच्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाचं कामकाज पाहावं लागेल. शिवराज पाटील तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते, म्हणून राज्यसभेचा वेगळा संग्रहही चाळा. लोकसभेत मात्र 11 डिसेंबर 2008ची चर्चा पूर्ण वाचण्याजोगी आहे.