पायातलं ‘विष’ काढणाऱ्या टोळीपासून सावध राहा

बाबांची उभी हयात नागपूरच्या इतवारीत कापडाच्या गादीवर गिऱ्हाईकं सांभाळण्यात गेली. डाव्या पोटरीवर नसा फुगून गाठाळल्या होत्या (व्हेरिकोज व्हेन्स), घोट्यापाशी कातडी काळवंडलेली. एका दवाखान्याबाहेर ते ऑटोची वाट बघत असताना एक नीटनेटका माणूस जवळ आला. “काकाजी, माझ्या सासऱ्यांचे पाय अस्सेच होते. आता फुटाळा तलावावर रोज फिरायला जातात.” त्यानेच ‘वैद्या’चा नंबर दिला.

वैद्य घरीच आला. ब्लेडने बारीक चिरे मारले, त्यांवर पितळी नळी लावून तोंडाने ओढलं आणि ताटलीत पिवळं काहीतरी थुंकलं. “हे विष.” दर एका ओढीला पंधराशे रुपये, हे आधी सांगितलं होतं, किती ओढी लागतील, ते नाही. शेवटी हिशेब 63,000 वर गेला. आई घाबरली, पाय अर्धवट सोडला तर सडेल असं तो म्हणाला म्हणून. बाबांनी एफडी मोडली. दुसऱ्या दिवशी दोघांचेही फोन बंद.

या नसांमध्ये विष नसतं, पू नसतो. रक्त वर चढवताना ते मागे येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचतं आणि शीर फुगते. चोखून झडप दुरुस्त होत नाही. पिवळं जे निघालं, ते नळीत किंवा त्याच्या तोंडात आधीच असणार.

नंतर बाबांना मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, सर्जरी ओपीडीत नेलं. उभं करून डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली, तेव्हा कुठली शीर बिघडली ते कळलं. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं: लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने शीर आतून बंद करता येते, तेवढ्या भागापुरती भूल देऊन, आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. फेसाचं इंजेक्शन किंवा जुनी शस्त्रक्रिया हेही मार्ग आहेत. घट्ट मोज्यांनी सूज आणि ठणका कमी होतो, पण शीर पूर्ववत होत नाही; तेही पायातलं धमन्यांचं रक्ताभिसरण तपासूनच घालायचे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, आत खोल शिरेत गुठळी असू शकते.

बाबांना मधुमेह आहे. ब्लेडच्या चिऱ्यांपैकी घोट्याजवळचा एक अजून भरत नाहीये, त्यामुळे लेझर लांबलं आहे. पैशांपेक्षा मला त्याचाच जास्त संताप येतो.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. हे लोक म्हातारी, लंगडत चालणारी माणसं हेरतात, म्हणून घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा. असा कोणी घरी आलाच, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा किंवा आयुर्वेदाचा नोंदणी क्रमांक मागा, आणि पायाला हात लावू देण्याआधी 112 वर फोन करा.