मागांच्या खडखडाटात आठ महिने मॅशअप: लॅपटॉप, हेडफोन आणि लाईट गेलेली वेळ

वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. सकाळी सुरू झालेली खटॅक-खटॅक रात्रीपर्यंत थांबत नाही. असल्या घरात बसून मी कॉम्प्युटरवर मॅशअप करणार, म्हणजे वेगवेगळी गाणी जोडून एक करणार, म्हटल्यावर आईनं कपाळाला हात लावला होता. त्याला आता आठ महिने झाले. नवीन सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण पैसे कुठं घालायचे हे मला उलट्या क्रमानं कळलं.

लॅपटॉप जुनाच, आठ जीबी रॅमचा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तेवढ्यावर काम भागलं. पहिली चूक हेडफोनची. दुकानदारानं ‘भारी बेस आहे बघा’ म्हणत जो गळ्यात मारला, तो घेऊन आलो. हेडफोनच बेस वाढवून ऐकवतोय, म्हणून मी मिक्समध्ये तो कमी करत गेलो. मग त्या मिक्समधली हलगी भावाच्या गाडीत लावली तर कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचक्या मारतंय असं वाटलं. आता साधा, काही वाढवून न दाखवणारा वायरचा हेडफोन आहे. ब्लूटूथचा घेऊ नका, आवाज उशिरा येतो आणि ठेका धरता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात ऑडॅसिटीवर केली. फुकट आहे, कापाकापीला उत्तम. दोन गाणी एकमेकांवर बसवायची वेळ आली तेव्हा रीपरवर आलो. ते 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स 60 डॉलरचं. दिसायला रुक्ष, सरकारी फॉर्मसारखं. पहिले दोन आठवडे शिव्याच दिल्या. पण ऑल्ट दाबून तुकड्याची कड ओढली की पट्टी न बदलता लय लांबते-आखडते, हे सापडलं आणि मी तिथंच राहिलो.

गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायला डेमक्स हे एआयचं मॉडेल वापरतो, तेही फुकट. गाण्याचे चार भाग करून देतं: गळा, ड्रम, बेस आणि ‘बाकीचं’. आता आपल्या भजनात ड्रम कुठला आणि बेस कुठला? तबल्याची चाट ड्रममध्ये जाते, डग्ग्याची घुमक बेसमध्ये, पेटी ‘बाकीचं’मध्ये आणि थोडी गळ्याला चिकटून येते. अशी मॉडेलं ज्या गाण्यांवर शिकवतात ती बहुतेक पाश्चात्त्य बँडची. संशोधनात सर्रास वापरला जाणारा संग्रह 150 गाण्यांचा आहे, त्यातली 100 शिकवायला आणि 50 परीक्षेला. त्यात आपली पेटी नाही, त्याला मॉडेल तरी काय करणार. उरलेली पेटी लपवायला मी त्याच पट्टीतला तानपुरा खाली हळू सोडतो. निम्मं झाकलं जातं.

खरा वेळ जातो लयीत. सॉफ्टवेअर सांगतं, या गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके, 92, त्याचा 96. ऐकायला सोपं. पण जुनी गाणी सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलेली, कानात टिकटिक नव्हती. अंतऱ्याला वादक रंगात आले की लय चढते, आणि सरासरी 92 धरून बसवलेलं गाणं दुसऱ्या कडव्यात भरकटतं. दादरा आणि केरवा जोडताना तर मी चार रात्री घालवल्या. शेवटी वहीवर मांडलं: दादऱ्याची चार आवर्तनं म्हणजे 24 मात्रा, केरव्याची तीन म्हणजेही 24. सम तिथंच भेटते. मधे कुठंही जोड मारला की लंगडतं.

सगळ्यात जास्त शिकलो ते आजीच्या ओव्यांवर. शेजारच्या अक्का बीसुकल्लिन पद म्हणतात, म्हणजे कन्नडातली जात्यावरचीच गाणी. दोन्ही एकत्र करायचं ठरवलं. आजीच्या कानात मेट्रोनोम, म्हणजे ठेका दाखवणारी टिकटिक, लावला.

“आजी, त्या टिकटिकीवर म्हण की.”

“ही टिकटिक कुणाची रे? जात्याची नव्हं ही.”

तिनं इअरफोन काढून ठेवला, माळ्यावरचं जातं खाली उतरवायला लावलं आणि रिकामंच फिरवत गायली. तेव्हा दिसलं. खुंटा पुढं ढकलताना हात भरकन जातो, अंगाकडं ओढताना जरा रेंगाळतो. प्रत्येक फेरा असा वाकडा, आणि ओवी त्या वाकडेपणावरच बसलेली. आधी मी तिचा आवाज ताणून सॉफ्टवेअरच्या ठेक्याच्या रेषांवर बसवला. आजी रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाटू लागली. मग उलट केलं. रीपरमध्ये प्रत्येक फेऱ्याला टेम्पोची खूण टाकली, रेषाच आजीमागं चालवल्या आणि हलगी त्यावर वळवली. दोन मिनिटांसाठी चाळीसेक खुणा पडल्या. अक्कांच्या गाण्याला त्याहून कमी लागल्या, त्यांचाही हात तसाच रेंगाळतो.

पट्टीचंही तसंच. आजी काळी दोनमध्ये, अक्का पांढरी चारमध्ये. एकीलाच दोन सेमीटोन (पेटीच्या दोन पट्ट्या) हलवलं तर गळा कार्टूनसारखा होऊ लागला. एकीला एक वर, दुसरीला एक खाली घेतलं आणि दोघी पांढरी तीनवर आल्या. कुणालाच फरक कळला नाही, आजीला कळला, पण ती म्हणाली, “जरा तरणी झाले मी.”

सिनेमाच्या गाण्यांचं म्हणाल तर ती घरापुरतीच ठेवा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. माझा एक व्हिडिओ अपलोड केल्यावर काही मिनिटांत मुका झाला. तेव्हापासून घरचे गळे आणि गल्लीतली हलगी, एवढंच बाहेर सोडतो.

राहिला मागांचा आवाज. ब्लँकेट, गाद्या, उघडलेलं कपाट, सगळं करून झालं. नॉईज रिडक्शन जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. खरा उपाय दुपारी लाईट गेल्यावर सापडला. माग एकदम थांबतात, गल्लीत फक्त कावळे. मी “आजी, लाईट गेली!” ओरडतो आणि ती पदर खोचून जात्याशी येऊन बसते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी तेव्हा बावीस मिनिटं टिकते. पुढच्या महिन्यात नवीन बॅटरी घेणार आहे. आठ महिन्यांपूर्वी हेडफोनच्या आधी तीच घ्यायला हवी होती.