फर्नेस ऑइल बर्नरची सर्व्हिसिंग, अंबड: माणूस जाणकार, पण वेळेचा कच्चा

आमचं अंबड एमआयडीसीत छोटं फोर्जिंगचं युनिट आहे, भट्टी फर्नेस ऑइलवर, म्हणजे जड, घट्ट इंधन तेलावर. डिसेंबरात थंडी पडली की चिमणीतून काळा धूर, दरवर्षीचंच रडगाणं. आधी एकाला बोलावलं होतं, त्याने ब्लोअरची हवा वाढवून दिली, धूर कमी झाला खरा पण भट्टी तापेचना आणि ऑइल जास्त जायला लागलं, म्हणजे पैसे देऊन नाशिकची थंड हवा तापवून वर सोडत बसलो होतो.

मग शेजारच्या शेडवाल्याने ह्या बर्नर दुरुस्त करणाऱ्यांचा नंबर दिला. दहाला येतो म्हणाले, उगवले दीडला. आल्यावर बर्नरला हातच लावला नाही, पहिले चिमणीखालची काजळी चिमटीत घेऊन माझ्या बोटांवर चोळली. कचकच लागली, बारीक रेतीसारखी. "शेठ, ही नुसती काजळी नाही, हे अर्धवट जळलेले थेंब आहेत." मला वाटलं चला, बिल फुगवायची तयारी सुरू. पण समजावलं भारी. डिझेलचा थेंब वाफ होत होत संपून जातो. फर्नेस ऑइलच्या थेंबातला हलका भाग आधी उकळतो, आतल्या वाफेने थेंब फुगतो, तडतडतो, आणि मागे जे डांबरासारखं जड उरतं ते भाजून त्याचा कोक, म्हणजे कोळशासारखा कडक भाग होतो, पाणीपुरीच्या पुरीसारखी पोकळ, भोकं पडलेली गोळी. ही गोळी जळायला लय वेळ घेते, तोवर ती चिमणीत पोचलेली असते. आणि थेंबाचा व्यास दुप्पट झाला की जळायला वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो, खरी मेख तिथे आहे.

आमचं टाकीतलं ऑइल काकवीसारखं घट्ट, हीटर जेमतेम 80 डिग्रीला नेत होता, वर नोझलचं (ऑइल फवारणाऱ्या तोंडाचं) भोक झिजलेलं, मग थेंब मोठेच पडणार ना. त्यांनी फिल्टर साफ केला, नोझल बदललं, ऑइल 105 ला नेलं आणि हवा उलट कमी केली! ज्योत आखूड झाली, आता चिमणीकडे बघून कळत नाही भट्टी चालू आहे की बंद.

तक्रार म्हणजे नोझल बदलायच्या आधी विचारलं नाही, जुनं मागितलं तर म्हणे भंगारात गेलं. जीएसटी बिलासाठी तीन फोन करावे लागले. तरी पाचपैकी चार स्टार. सकाळची वेळ दिली तर डबा खाऊनच वाट बघा.